कोकणचा माल युरोपात: नव्या निर्यातदाराने कुठून सुरुवात करावी

एप्रिल उजाडला की देवगडपासून दापोलीपर्यंत एक विचार हमखास बोलून दाखवला जातो: वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवण्यापेक्षा आपला हापूस थेट युरोपात का पाठवू नये? विचार रास्त आहे. पण युरोपची सुरुवात ताज्या हापूसने करू नका, असा माझा आग्रह आहे. टिकाऊ मालापासून सुरुवात करा आणि माल पिकवतानाच त्याची लेखी नोंद ठेवायला शिका. युरोपातल्या खरेदीदाराला चव नंतर कळते. त्याआधी तो विचारतो की हा माल कुठल्या बागेतला, त्यावर काय फवारलं, तो कुठे वाळवला आणि कोणी तपासला. याची उत्तरं कागदावर देऊ शकणारा माणूस लहान असला तरी तिथे टिकतो.

आधी युरोप म्हणजे कोण ते पाहा

युरोपियन संघात २७ देश आहेत. त्यांची सीमा एक आणि सीमाशुल्क एक, त्यामुळे रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे जर्मनीत किंवा पोलंडमध्ये जाऊ शकतो. ब्रिटन २०२० मध्ये संघातून बाहेर पडला आणि आता त्याचे नियम त्याचे स्वतःचे आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन हा तिसरा गट. त्यांच्याशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. युरोपियन संघाशी वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ मध्ये अडल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

करारांच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नका. काजूगर आणि ताजा आंबा यांच्यावर युरोपियन संघात सीमाशुल्क तसंही शून्य आहे. आपल्याला अडवतात ते कीडनाशकांचे अंश, बुरशीचं विष, फळमाशी आणि चुकीचं लेबल. कुठल्याही व्यापार करारामुळे या अटी माफ होत नाहीत.

गिऱ्हाईकही देशागणिक वेगळं आहे. हापूस नावाने ओळखणारा ग्राहक मुख्यतः ब्रिटनमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी वस्तीत आहे. काजूगर घेणारे मोठे देश जर्मनी आणि नेदरलँड्स. म्हाकूल आणि त्याच्या जातीचं म्हावरं स्पेन आणि इटलीला लागतं. म्हणून 'युरोपात विकायचंय' असं म्हणू नका. 'जर्मनीतल्या सुकामेव्याच्या आयातदाराला काजूगर विकायचाय' इतकं नेमकं ठरवा. पुढची निम्मी कामं त्यातूनच ठरतात.

कुठला माल पाठवायचा

माझा पहिला कौल काजूला. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती सिंधुदुर्गात सगळीकडे आहेत आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. काजूगर महिनोन्‌महिने टिकतो, जहाजाने जातो आणि त्याची प्रतवारी जगभर एकच आहे. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अखंड पांढरे गर. डब्ल्यू-२४० त्याहून मोठा, डब्ल्यू-१८० सर्वांत मोठ्यांपैकी. भाव बहुतेक वेळा पौंडाला डॉलरमध्ये बोलला जातो, तेव्हा ४५३.६ ग्रॅमचं गणित तोंडपाठ ठेवा. घाऊक माल साधारणपणे हवा काढून वायू भरलेल्या २२.६८ किलोच्या, म्हणजे ५० पौंडांच्या, पिशव्यांत जातो.

पण स्पर्धा समजून घ्या. काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम जगात पुढे आहे आणि त्यांचे कारखाने आपल्यापेक्षा खूप मोठे आहेत. साध्या डब्ल्यू-३२० मध्ये भावावरून त्यांच्याशी झुंजणं नव्या माणसाला झेपत नाही. आपली बाजू दोन ठिकाणी भक्कम आहे: मोठा दाणा, आणि 'या गावातल्या या शेतकऱ्यांची बी' असा माग. इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कोकणातले अनेक कारखाने वर्षभर चालण्यासाठी आफ्रिकेतली बी आणतात, त्यात गैर काहीच नाही. पण ती बी फोडून 'वेंगुर्ला काजू' म्हणून विकली, तर सगळ्या जिल्ह्याच्या नावाला बट्टा लागतो. आफ्रिकेच्या बीचा गर वेगळ्या खोक्यात, वेगळ्या लॉट क्रमांकाने आणि खऱ्या नावाने जाऊ द्या.

काजूत खरा धोका अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा. थेट खाण्याच्या काजूगरासाठी युरोपियन संघाची मर्यादा अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी किलोला २ मायक्रोग्रॅम आणि एकूण ४ मायक्रोग्रॅम आहे. ही लढाई कारखान्यात हरली किंवा जिंकली जात नाही. मे महिन्यात वळीव पडतो, झाडाखाली बी भिजते आणि तशीच पोत्यात भरली जाते, ते नुकसान तिथेच होऊन बसतं. ज्यांच्याकडून बी घेता त्यांना सांगा की खाली पडलेली बी रोज वेचा, खडखडीत वाळवा, प्लास्टिकच्या पोत्यात कोंडू नका. भिजलेल्या बीला कमी भाव देऊनही ती चांगल्या बीत मिसळू नका.

दुसरा कौल कोकमाला, आणि तिथे फार मोठी संधी वाया जाते आहे असं मला वाटतं. रातांब्याची सालं सुकवून आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया बऱ्याच घरी उकिरड्यावर जातात. त्याच बियांपासून निघणारं मुठेल आपल्या आज्या पायांच्या भेगांना लावत आल्या. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं. युरोपियन संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरशिवाय फक्त सहा वनस्पतींची चरबी चॉकलेटमध्ये चालते, तीही तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहांमध्ये कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीतला गरही आहे. म्हणजे आपण टाकून देतो त्या दोन बियांना तिथल्या कायद्यात नावानिशी जागा आहे. साबण, मलम, ओठांना लावायची कांडी करणारे छोटे युरोपीय उत्पादकही हा माल घेतात.

मुठेलसाठी बिया पावसाआधी सुकल्या पाहिजेत. कोकमाचा हंगाम नेमका मे-जूनच्या तोंडावर, त्यामुळे एखाद्या बचत गटाने पत्र्याखाली किंवा सोलर ड्रायरमध्ये बिया वाळवण्याची सोय केली की निम्मा प्रश्न सुटतो. हेक्झेनसारखं द्रावक वापरून काढलेलं तेल आणि घाण्यावर दाबून काढलेलं तेल यांचे खरेदीदार वेगळे आहेत. दुसऱ्याला भाव चांगला मिळतो, पण तुम्ही ते कसं काढलं हे दाखवावं लागतं. सौंदर्यप्रसाधनाचा तयार डबा पाठवायचा असेल तर युरोपियन संघात एक 'जबाबदार व्यक्ती' नेमून सुरक्षा अहवाल करावा लागतो. नव्या माणसाने त्या फंदात न पडता कच्चा माल म्हणूनच मुठेल विकावं.

आमरसाचा डबा हा तिसरा. हापूसचा पल्प साधारणपणे ८५० ग्रॅम आणि ३.१ किलोच्या डब्यांत, किंवा निर्जंतुक पिशवी भरलेल्या पिंपांत जातो. खरेदीदार ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेचं माप), आम्लता, रंग आणि डाग विचारतो. त्याच्यासमोर तोतापुरीचा स्वस्त पल्प नेहमीच असतो, त्यामुळे रसाच्या कारखान्यांच्या मागे न लागता आइस्क्रीम, मिठाई आणि भारतीय उपाहारगृहांना पुरवठा करणारे वितरक शोधा.

फणसाबद्दल थोडक्यात. मांसाऐवजी खाण्यासाठी कोवळा फणस युरोपात विकला जातो, पण आज डब्यांत थायलंड आणि श्रीलंकेचा माल पुढे आहे. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिठाच्या पाण्यात डबाबंद करणारा कारखाना जवळ असेल तरच त्यात उतरा.

मासळीचं गणित वेगळं आहे. युरोपियन संघात व्यापारासाठी मासळी फक्त मंजुरी मिळालेल्या कारखान्यातूनच जाते. ती मंजुरी निर्यात निरीक्षण परिषदेमार्फत मिळते, आणि पकडलेल्या मासळीसोबत ती बेकायदा मासेमारीतली नाही असा दाखला लागतो. हा नियम २०१० पासून आहे आणि आपल्याकडे तो दाखला एमपेडा, म्हणजे केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, देते. रत्नागिरीतले कारखाने राणी माशापासून सुरिमी, म्हणजे माशाचा धुतलेला लगदा, करून परदेशी पाठवतात, ते याच चौकटीत. घरी सुकवलेले बोंबील आणि सुकट कितीही चांगले असले तरी व्यापारी माल म्हणून थेट जाऊ शकत नाहीत. मच्छीमार संस्थेने बोटीवरची स्वच्छता आणि बर्फ सुधारून मंजूर कारखान्याला चांगला माल पुरवणं, हीच तिथली पहिली पायरी.

तूप किंवा दूध घातलेले लाडू-मोदक सुरुवातीला पाठवूच नका. प्राणिजन्य घटकांचे नियम फार कडक आहेत. आणखी एक गाळणी लक्षात ठेवा: १५ मे १९९७ पूर्वी युरोपियन संघात जो पदार्थ लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नव्हता, तो 'नॉव्हेल फूड' ठरू शकतो आणि त्याला आधी परवानगी लागते. आपल्याकडे तो शेकडो वर्षं खाल्ला जात असेल, तरी तेवढ्याने भागत नाही. करवंद, फणसाच्या आठळ्यांचं पीठ, रानभाज्यांची पूड असं काही मनात असेल तर युरोपियन आयोगाच्या नॉव्हेल फूड सूचीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाकून आधी पाहा.

ताजा हापूस पाठवायचाच असेल तर

१ मे २०१४ पासून युरोपियन संघाने भारतीय आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांची आयात थांबवली होती. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, हे त्याचं कारण. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षीच्या हंगामाआधी उठली, पण तेव्हापासून ताजा आंबा ठरलेल्या साखळीतूनच जातो. बागेची अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात विकास प्राधिकरणाच्या) मँगोनेट या नोंदप्रणालीवर नोंदणी, मान्यताप्राप्त पॅकहाउस, ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया आणि शेवटी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. पणन मंडळाच्या निर्यात सुविधा वाशीला, रत्नागिरीजवळ नाचण्याला आणि देवगडजवळ जामसंड्याला आहेत.

बागेत तुम्ही करायचं ते असं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, फळमाशी पकडणारा रक्षक सापळा फळं मोठी होण्याआधीच लावा आणि पडलेली, किडकी फळं रोज गोळा करून खोल पुरा. आंबा १४ आणे तयार झाल्यावर नूतन झेल्याने, म्हणजे काठीला पातं आणि जाळी लावलेल्या साधनाने, देठासकट काढा. आंबा जमिनीवर टेकवू नका, उन्हात ठेवू नका, चीक अंगावर ओघळू देऊ नका. साका, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होणं, हा हापूसचा जुना आजार बाहेरून दिसत नाही, आणि आयातदाराच्या दुकानात कापलेल्या फळात तो निघाला तर पुढची मागणी येत नाही. फार पिकू दिलेल्या आणि तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या फळात तो जास्त दिसतो, म्हणून काढणीची वेळ सकाळची ठेवा.

यात विमानभाड्याचा खर्च इतका असतो की पेटीमागे उरणारा पैसा वाशीच्या चांगल्या भावापेक्षा फार जास्त असेलच असं नाही. आधीपासून पाठवणाऱ्या निर्यातदाराला नोंदणीकृत बागेचा माल देऊन पहिला हंगाम शिकावा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

नोंदवही: सगळ्याचं मूळ इथे आहे

युरोपियन संघाने ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याची मर्यादा आपोआप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे शंभर टन आंब्यात मिळून एक ग्रॅम. क्लोरपायरीफॉसची मंजुरी तिथे २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षी त्याची मर्यादा या तळाला आली. तुडतुड्यांसाठी कोकणात सर्रास वापरलं जाणारं थायामेथोक्झाम घ्या. त्याच्या आणि क्लोथियानिडिनच्या मर्यादा मार्च २०२६ पासून अशाच तळाला नेलेल्या आहेत. आपल्या दुकानात जे कायदेशीर मिळतं ते तिथे चालेलच असं नाही, ही गोष्ट मोहोर येण्याआधी समजली पाहिजे. मे महिन्यात प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर समजून काही उपयोग नाही.

म्हणून पालवी फुटल्यापासून वही सुरू करा. तारीख, कलमांचा गट किंवा गट क्रमांक, औषधाचं व्यापारी नाव आणि आतला घटक, प्रमाण, कोणी फवारलं, का फवारलं, काढणी किती दिवसांनी केली. मोहोरासाठी कल्टार हे संजीवक घातलं असेल तर तेही लिहा. औषधाची पावती त्याच वहीत डकवा. युरोपियन आयोगाच्या कीडनाशक विदागारात औषधाचं आणि पिकाचं नाव टाकलं की त्या दिवशीची मर्यादा दिसते. दर हंगामाआधी ते पाहून तुमचं फवारणी वेळापत्रक कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून त्याप्रमाणे बसवून घ्या.

कोकणात दोन अडचणी खास आपल्या आहेत. एक, बाग कराराने दिलेली असते आणि फवारणी करार घेणारा करतो. मालकाला काय मारलं याचा पत्ताच नसतो. करार लिहितानाच त्यात नोंदवहीची अट घाला आणि त्याने वापरलेल्या औषधांच्या पावत्या मागा. दोन, गडगा ओलांडला की शेजाऱ्याची बाग, आणि त्याचा फवारा वाऱ्याने तुमच्या झाडांवर येतो. शेजाऱ्याला भेटा, त्याची फवारणीची तारीख विचारा आणि कडेच्या दोन ओळींचा माल वेगळा काढून स्थानिक बाजारात द्या. पाच-दहा बागायतदारांनी एकत्र येऊन एकच वेळापत्रक पाळलं तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. शेतकरी उत्पादक कंपनी करण्याचं मला सर्वांत पटणारं कारण हेच आहे.

माल काढल्यावर नमुना राष्ट्रीय मान्यता असलेल्या, म्हणजे एनएबीएलच्या, प्रयोगशाळेत द्या. नमुना नीट घ्या: वरच्या पेटीतले चार आंबे काढून चालत नाही, सगळ्या लॉटमधून थोडं थोडं घ्यावं लागतं. सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर युरोपियन संघाचा २०१८ चा नवा कायदा २०२२ पासून लागू आहे, गटांची रचना आणि तपासणी त्यात बदलली आहे, आणि प्रत्येक खेपेला वेगळं तपासणी प्रमाणपत्र लागतं. तुमची प्रमाणन संस्था त्या कायद्याप्रमाणे काम करते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

कागदपत्रं

हा भाग लोकांना भीतिदायक वाटतो, पण खरं तर सगळ्यात सोपा हाच आहे. पॅन आणि चालू खातं असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून आयात-निर्यात कोड मिळतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो, नाही केला तर बंद पडतो. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा तिचा क्रमांक, घेऊन तो सीमाशुल्काच्या आइसगेट संकेतस्थळावर नोंदवा. जीएसटीमध्ये एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरली की निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना. मग नोंदणी मालाप्रमाणे: फळं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी अपेडा, मासळीसाठी एमपेडा. कोकम मसाल्यांच्या यादीत आहे, म्हणून त्यासाठी मसाला मंडळ.

मालाच्या एचएस कोडचे, म्हणजे वर्गवारीच्या क्रमांकाचे, पहिले सहा अंक जगभर एकच असतात. सोललेल्या काजूचा ०८०१३२, आंब्याचा ०८०४५०. युरोपियन संघाच्या 'ॲक्सेस टू मार्केट्स' या मोफत संकेतस्थळावर हा कोड, भारत आणि पोचण्याचा देश निवडला की शुल्क, अटी आणि मूळस्थानाचे नियम दिसतात. पल्पमध्ये साखर घातली आहे की नाही यावरून कोड आणि शुल्क बदलतं, तेव्हा अंदाजाने कोड लिहू नका. विकसनशील देशांसाठीची शुल्कसवलत लागू असेल तर ६,००० युरोपर्यंतच्या खेपेला निर्यातदार स्वतःच मूळस्थानाचं निवेदन लिहून देऊ शकतो. त्यावरच्या खेपांसाठी रेक्स, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदार म्हणून, नोंदणी लागते.

खरेदीदार कसा शोधायचा

नेदरलँड्सच्या सरकारने १९७१ पासून सीबीआय ही संस्था चालवली आहे. विकसनशील देशांतल्या लहान-मध्यम निर्यातदारांना युरोपच्या बाजारात उतरवणं हेच तिचं काम. तिचे बाजार अभ्यास संकेतस्थळावर फुकट वाचता येतात: कोण घेतं, कुठल्या वाटेने घेतं, काय मागतं. आपल्या मालाचा अभ्यास मुळातून वाचा, इंग्रजी अवघड गेलं तर घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून वाचा. प्रशिक्षणाच्या फीवर खर्च करण्याआधी हे करा.

मग प्रदर्शनं. फेब्रुवारीत बर्लिनला ताज्या फळांचं फ्रूट लॉजिस्टिका आणि न्युरेम्बर्गला सेंद्रिय मालाचं बायोफाख. ऑक्टोबरमध्ये विषम वर्षी कोलोनला अनुगा आणि सम वर्षी पॅरिसला सियाल. पहिल्या वेळी दालन घेऊ नका, नुसतं पाहायला जा. कोण आयातदार कुठल्या देशाचा काजू मांडून बसला आहे ते बघा, त्यांची पत्रकं आणा आणि परतल्यावर निवडक वीस-पंचवीस जणांना लिहा.

पत्र छोटं असावं. युरोपीय खरेदीदाराला 'जगप्रसिद्ध, सर्वोत्कृष्ट' असे शब्द नकोत. त्याला एका पानाचा मालाचा तपशील हवा: प्रत, ओलावा, तुटलेल्या गरांचं प्रमाण, पॅकिंग, वर्षाला किती टन, कुठल्या महिन्यात तयार, कुठली प्रमाणपत्रं, प्रयोगशाळेचा ताजा अहवाल. आठ टन देऊ शकत असाल तर आठच लिहा. वीस लिहून बारा पाठवणाऱ्याशी तिथे कोणी दुसऱ्यांदा व्यवहार करत नाही. उत्तर आलं तर दोन दिवसांत उलट उत्तर द्या, 'माहिती नाही, चार दिवसांत कळवतो' असं असलं तरी चालेल.

कारखान्याच्या प्रमाणपत्रांत हॅसेप, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत, ही किमान पायरी. मोठ्या दुकानसाखळ्यांना बीआरसी किंवा एफएसएससी २२००० हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, ताज्या फळांसाठी बागेचं ग्लोबलगॅप. हल्ली कामगारांबद्दलही विचारतात. काजू फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बहुतेक बायका असतात, टरफलातल्या तेलाने त्यांचे हात भाजतात. हातमोजे, वेळेवर मजुरी, हजेरीपट, स्वच्छतागृह याची तपासणी होते. खरेदीदाराने विचारलं नाही तरी हे करायलाच हवं. ज्या बायकांच्या हातांवर हा सगळा धंदा उभा आहे त्यांचा तो पहिला हक्क आहे.

नमुना पाठवताना नेहमीच्या मालातलाच पाठवा. निवडून काढलेला नमुना पाठवला तर पुढची प्रत्येक खेप त्याच्याशी ताडून पाहिली जाते. त्याच नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून आपल्याकडे ठेवा, भांडण झालं तर तो साक्षीदार.

लेबल, भाव आणि पैसे

किरकोळ पाकीट पाठवत असाल तर लेबल त्या देशाच्या भाषेत लागतं. जर्मनीत जर्मन, फ्रान्समध्ये फ्रेंच. घटकांच्या यादीत ॲलर्जी करणारे १४ पदार्थ ठळक दिसले पाहिजेत आणि काजू त्यात येतो. पोषणमूल्य १०० ग्रॅमला, ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हींत. अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. मजकूर छापण्याआधी आयातदाराकडून लेखी मंजूर करून घ्या, कारण तिथल्या कायद्यापुढे तो जबाबदार असतो. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा.

भाव काढताना कारखान्याच्या दारातला खर्च धरून थांबू नका. तपासणी, पॅकिंग, कुडाळ किंवा रत्नागिरीहून न्हावाशेव्यापर्यंतची गाडी, कस्टम एजंट, बँकेचे आकार, विमा, नमुन्यांचा खर्च आणि माल निघाल्यापासून पैसे येईपर्यंतचं व्याज हे सगळं त्यात घाला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. असं पुन्हा कधीही होऊ शकतं, म्हणून नव्या माणसाने एफओबी भाव द्यावा. माल जहाजावर चढवून देणं आपलं काम, पुढचं भाडं खरेदीदाराचं.

पैशाच्या बाबतीत भिडस्तपणा नको. पहिल्या व्यवहारात काही रक्कम आगाऊ आणि उरलेली जहाजाची कागदपत्रं दाखवल्यावर, किंवा चांगल्या बँकेचं पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची तिची लेखी हमी. पतपत्र आलं की प्रत्येक ओळ तुमच्या बँकेत बसून वाचा, कारण नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून पैसे अडकतात. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा विमा घ्या. खरेदीदाराचा व्हॅट क्रमांक युरोपियन आयोगाच्या व्हीआयईएस संकेतस्थळावर टाकला की तो खरा आहे की नाही ते लगेच कळतं. नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन या देशांत कंपन्यांच्या सार्वजनिक नोंदीही पाहता येतात. ठरलेलं खातं बदलल्याची ईमेल तुम्हाला किंवा त्यांना आली तर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे हलू देऊ नका.

पहिली खेप

पहिली खेप लहान असू द्या. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर इतरांच्या मालासोबत जागा मिळते. खारा दमट वारा आणि लांबचा प्रवास लक्षात घेऊन ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाका, आणि कंटेनर भरताना आत उजेड येतो का (म्हणजे कुठे भोक आहे का), मसाल्याचा किंवा मासळीचा वास येतो का, ते बघा. काजू वास पटकन धरतो. भरतानाचे फोटो, सीलचा क्रमांक आणि प्रत्येक खोक्यावरचा लॉट क्रमांक जपून ठेवा.

युरोपियन संघाची रासफ नावाची इशारा यंत्रणा आहे. सीमेवर किंवा दुकानात धोकादायक अन्न सापडलं की त्याची सूचना सगळ्या सदस्य देशांना जाते, आणि तिचा काही भाग कोणालाही वाचता येतो. माल पाठवण्याआधी तिथे 'भारत' आणि आपल्या मालाचं नाव टाकून मागच्या दोन वर्षांतल्या सूचना वाचा: कशासाठी अडवलं, किती अंश सापडला. त्या घटकांची तपासणी आपल्या प्रयोगशाळेच्या मागणीपत्रात आवर्जून लिहा.

खेप पोचल्यावर आयातदाराला आठवड्याभरात विचारा की माल कसा उतरला, तुटलेल्या गरांचं प्रमाण किती निघालं, पॅकिंगमध्ये काय बदलावं. तो जे सांगेल ते बी देणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत आणि सोलणाऱ्या बायकांपर्यंत पोचवा, आणि पुढच्या हंगामाचा भाव ठरवण्याची बैठक गणपतीनंतर, पालवी फुटायच्या सुमारास घ्या. नवी वही तेव्हाच उघडायची असते.